निवड श्रेणीच्या फरकात अडकलेला रिफंड

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. पितृपंधरवडा चालू असल्यानं ऑफिसात फारशी वर्दळ नव्हती. बाई आल्या, पिशवीतून पासबुक काढलं आणि माझ्यासमोर उघडून ठेवलं. दोन महिन्यांत त्यांनी ते अकरा वेळा छापून आणलं होतं. पेन्शन, ठेवीचं व्याज, वीजबिल, पुन्हा पेन्शन. प्रत्येक वेळच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं बारीक रेघ मारली होती. इथपर्यंत पाहिलं, अजून नाही, असा त्या रेघेचा अर्थ.

"शेजारच्या गुरुजींचा रिफंड बारा दिवसांत आला. माझंच काय अडलं रे?"

बाई मला तिसरीला शिकवायला होत्या, त्यामुळे त्यांचं 'अरे-तुरे' आजही चालू आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत १९८९ ला लागल्या, ३१ मे २०२० ला निवृत्त झाल्या. तेव्हा टाळेबंदी होती, त्यामुळे निरोप समारंभसुद्धा झाला नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी करसल्लागार म्हणून काम करतो. त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहितो आहे. नावं, गाव, बँका, कार्यालयं वगळली आहेत. आकडे आणि तारखा मात्र फाइलमधल्याच आहेत.

रिफंड, म्हणजे जास्तीचा कापलेला आयकर परत मिळणं, का थांबतो, हे विचारायला वर्षभरात बरीच माणसं येतात. बहुतेकांना वाटतं, वरून सुटला की येईल, आपण वाट बघायची. बाईंच्या प्रकरणात तसं बसून राहिलो असतो, तर ३१ हजारांतले तीनच हजार हातात आले असते. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

पैसे मुळात कापले का गेले

आर्थिक वर्ष २०२३-२४. पेन्शन ४,२०,०००. निवृत्तीच्या रकमेच्या आणि यजमानांनी मागे ठेवलेल्या पैशांच्या मुदत ठेवी दोन बँकांत. त्यांचं व्याज एका बँकेत २,०२,००० आणि दुसरीत १,१०,०००. पेन्शनमधून ५०,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर एकूण उत्पन्न ६,८२,०००. नव्या करप्रणालीत यावर हिशेबानं २३,२०० रुपये कर निघतो. पण त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७अ ची सूट होती, त्यामुळे देय कर शून्य. म्हणजे बाईंनी सरकारला एक रुपयाही द्यायचा नव्हता.

तरीही दोन्ही बँकांनी व्याजावर १० टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देण्याआधीच घेतला जाणारा कर, कापला. २०,२०० आणि ११,०००, मिळून ३१,२००. कारण बाईंनी त्या वर्षी फॉर्म १५एच दिलाच नव्हता. साठी ओलांडलेल्या आणि कर शून्य येणाऱ्या माणसानं हा फॉर्म दिला, की बँक टीडीएस कापत नसे. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाई तो नेमानं देत. एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या गडबडीत राहून गेलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन रिफंड आला की करायचं ठरलं होतं. त्यांच्या पासबुकावरच्या त्या पेन्सिलीच्या रेघा मला नंतर कळल्या, त्या याच हिशेबाच्या होत्या.

बँकांनी नियमाप्रमाणेच कापलं, त्यांचा दोष नाही. पण वर्षभर स्वतःच्याच पैशांची वाट बघायची वेळ येते, ती एप्रिलमध्ये चुकलेल्या एका सहीमुळे.

रिटर्न मी २२ जुलै २०२४ ला भरलं, आधार ओटीपीनं त्याच दिवशी पडताळणी केली. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ही पडताळणी करावी लागते. ती झाली नाही, तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. रिफंड न येण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं, म्हणून पहिल्यांदा तेच तपासलं. पोचपावती होती, पडताळणीची नोंद होती. पॅन-आधार जोडणीही झालेली होती. १ जुलै २०२३ पासून न जोडलेलं पॅन निष्क्रिय होतं आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड सोडत नाहीत, त्यामुळे तेही बघावं लागतंच.

स्टेटसची ओळ काय सांगते आणि काय सांगत नाही

बाईंच्या भाचीनं पुण्याहून मोबाइलवर पाहून सांगितलं होतं, "अजून प्रोसेसिंगमध्ये आहे." खरंच होतं. आयकर विभागाच्या पोर्टलवर 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स'मध्ये गेलं की रिटर्नचा प्रवास दिसतो: भरलं, पडताळलं, प्रक्रियेत. ही ओळ खोटं बोलत नाही, पण ती एवढंच सांगते की बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीपीसीत, काम पूर्ण झालेलं नाही. का झालं नाही, ते तिथे दिसत नाही.

बहुतेक लोक इथेच थांबतात. रोज तीच ओळ बघतात, आज नाही तर उद्या बदलेल म्हणून. मुदतीचा विचार केला तर सीपीसीकडे वेळ भरपूर असतो. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं, ते संपल्यापासून नऊ महिने. बाईंचं रिटर्न २०२४-२५ मध्ये भरलेलं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. गुरुजींचा बारा दिवसांत आला, कारण त्यांच्या नावावर काहीच अडकलेलं नव्हतं. त्यावरून आपला कधी यावा, हे ठरवता येत नाही.

मी त्या दिवशी बाईंसमोर दुसरी खिडकी उघडली: 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मधली 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'. थकीत मागणीची खिडकी. खरं तर ही जुलैमध्ये रिटर्न भरतानाच उघडायला हवी होती. बाईंचं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, जुन्या वर्षांचा तपास मी केला नाही. ती चूक माझी.

एक ओळ होती. आकारणी वर्ष २०१९-२०, म्हणजे २०१८-१९ चं उत्पन्न. मागणी १८,५७०. त्यावर चढलेलं व्याज ९,४३५. एकूण २८,००५.

आणि ई-मेलमध्ये कलम २४५ ची सूचना, १८ सप्टेंबरची. तुमचा रिफंड या थकबाकीत वळता करण्याचं प्रस्तावित आहे, काही म्हणणं असेल तर २१ दिवसांत कळवा. म्हणजे ९ ऑक्टोबरपर्यंत. मेल बाईंच्याच पत्त्यावर आला होता. भाचीनं तो पत्ता जुलैमध्ये काढून दिला होता, पण बाई मेल उघडत नाहीत, पासबुक उघडतात. नऊ दिवस गेले होते, बारा राहिले होते.

"मी सरकारचे पैसे बुडवले?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या, हजेरीपत्रकात कधी खाडाखोड न केलेल्या बाईंच्या तोंडून तो प्रश्न ऐकताना मला फार वाईट वाटलं. प्रत्येक थकीत मागणी म्हणजे बुडवेगिरी नसते, हे मी त्यांना त्या दिवशी तीनदा सांगितलं.

तेवढ्यात गुरुजीही आले. त्यांनी दोन सल्ले दिले, दोन्ही प्रेमानं. पहिला: सरकारनं जुन्या छोट्या मागण्या माफ केल्यात, काळजी करू नका. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी तशी घोषणा केली होती हे खरं आहे. आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० पर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १०,००० पर्यंतच्या मागण्या सोडून दिल्या. पण बाईंची मागणी २०१८-१९ च्या उत्पन्नाची. ती त्यात बसत नव्हती.

दुसरा सल्ला: 'मान्य' करून मोकळ्या व्हा, उरलेले तीन हजार तरी येतील. हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी विरोध करतो. पोर्टलवर 'मागणी बरोबर आहे' असं एकदा नोंदवलं, की नंतर 'बरोबर नाही' म्हणता येत नाही. मागणी कशाची आहे, हे कळल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा नाही.

फरक

२०१९-२० ची जुनी सूचना, म्हणजे कलम १४३(१) ची इंटिमेशन, पोर्टलवरून उतरवून घेतली. जून २०२० ची. त्यात दोन उभे रकाने असतात: तुम्ही भरलेले आकडे आणि त्यांनी मोजलेले आकडे. एकेका ओळीवर पट्टी ठेवून खाली येत गेलो. पगार जुळला. व्याज जुळलं. वजावटी जुळल्या. कलम ८९ च्या ओळीवर पट्टी थांबली. बाईंच्या बाजूला १५,४८०, त्यांच्या बाजूला शून्य.

"बाई, २०१८-१९ मध्ये कसला फरक मिळाला होता?"

"निवड श्रेणीचा. जानेवारीत आला होता, एकरकमी."

शिक्षकांना बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते आणि चोवीस वर्षांनी, पात्रता असेल आणि जागा असेल तर, निवड श्रेणी. बाईंची चोवीस वर्षं २०१३ ला भरली. आदेश निघायला २०१८ उजाडलं. मधल्या पाच-साडेपाच वर्षांचा पगाराचा फरक, सुमारे १.९२ लाख, एकाच वर्षी हातात आला आणि त्या वर्षीचं उत्पन्न पाच लाखांच्या वर चढून २० टक्क्यांच्या टप्प्यात गेलं. तेच पैसे ज्या त्या वर्षी मिळाले असते, तर बराचसा भाग १० टक्क्यांतच राहिला असता. उशीर सरकारी, जास्तीचा कर मात्र शिक्षकाला, हे न्याय्य नाही. म्हणून कायद्यात कलम ८९ ची सवलत आहे. फरक मागच्या वर्षांत पसरून दाखवायचा, तेव्हाचा कर आणि आत्ताचा कर यांतली तफावत काढायची आणि तेवढा कर कमी करायचा. बाईंची ती तफावत १५,४८०.

कार्यालयानं हा हिशेब २०१९ मध्ये केला होता. बाईंनी या सवलतीसाठीचा फॉर्म १०ई कागदावर भरून दिला होता आणि फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि टीडीएसच्या दाखल्यात, सवलत आलीही होती. त्यामुळे टीडीएस तेवढा कमी कापला गेला. रिटर्नमध्येही आकडा बरोबर टाकला होता. मग चुकलं कुठे? फॉर्म १०ई हा कार्यालयाला कागदावर देऊन भागत नाही. करदात्यानं स्वतःच्या लॉगिनमधून तो ऑनलाइनही भरावा लागतो, रिटर्नच्या आधी. ते झालं नाही. सीपीसीच्या प्रणालीला फॉर्म दिसला नाही, तिनं सवलत नाकारली. १५,४८० वर कलम २३४ब आणि २३४क चं व्याज चढून मागणी १८,५७० झाली. पुढं ती भरली नाही म्हणून कलम २२०(२) प्रमाणे दरमहा एक टक्का. ५१ महिन्यांत ९,४३५.

आणि बाईंना चार वर्षं हे कळलं नाही, कारण तेव्हा रिटर्न भरून देणाऱ्यानं पोर्टलवर स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचाच मोबाइल टाकला होता. दरम्यानच्या वर्षांत टीडीएस तंतोतंत बसत गेला, रिफंड कधी निघालाच नाही, त्यामुळे वळता करण्याचा प्रश्नही आला नाही. २०२४ मध्ये पहिल्यांदा रिफंड निघाला आणि जुनी मागणी जागी झाली.

शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, एसटीतले लोक, ज्यांना ज्यांना फरकाची रक्कम एकदम मिळते, त्या सगळ्यांबाबत हे होऊ शकतं. मी एकट्यानं पाहिलेली अशी प्रकरणं दोन आकड्यांत आहेत. फॉर्म १६ मध्ये सवलत दिसते म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि नेमका तिथेच फसतो.

बारा दिवस

चुकीची दुरुस्ती कलम १५४ खाली मागता येते. त्याला मुदत असते: ज्या आर्थिक वर्षात तो आदेश निघाला, ते संपल्यापासून चार वर्षं. जून २०२० चा आदेश, म्हणजे ३१ मार्च २०२५ पर्यंत. सहा महिने हातात होते. हाच आदेश चार महिने आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला असता, तर ही वाट मार्च २०२४ मध्येच बंद झाली असती. त्या विचारानं मला आजही धस्स होतं.

आधी फॉर्म १०ई. त्यासाठी २०१३-१४ पासून प्रत्येक वर्षाचं करपात्र उत्पन्न लागतं आणि फरकातला कोणता भाग कोणत्या वर्षाचा, याचं विवरण. बाई दुसऱ्या दिवशी एक ट्रंकेतली फाइल घेऊन आल्या. दोऱ्यानं बांधलेली, टाचण्या गंजलेल्या, प्रत्येक वर्षाच्या फॉर्म १६ वर कोपऱ्यात त्यांच्या वळणदार अक्षरात साल. सहापैकी पाच वर्षं सापडली. २०१५-१६ चं नव्हतं. फरकाच्या बिलाची वर्षवार प्रतही नव्हती.

त्यासाठी तालुक्याच्या कार्यालयात दोन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी संबंधित लिपिक रजेवर. दुसऱ्या दिवशी भेटले आणि मन लावून शोधलं. शिक्षकांच्या पगाराच्या 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीतून २०१५-१६ ची पगारपत्रकं मिळाली, फरकाच्या बिलाची प्रत एका गठ्ठ्यात निघाली. त्या प्रतीला कार्यालयानं २०१९ मध्ये तयार केलेला कागदी १०ई जोडलेला होता. बाईंच्या सहीचा, तारखेसह. तो कागद हातात आला तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत. आपल्या सहीवरून फक्त बोट फिरवलं.

फॉर्म भरताना एका जागी हमखास चुकतं. आकारणी वर्ष कोणतं निवडायचं? फरक आर्थिक वर्ष २०१८-१९ मध्ये मिळाला, म्हणून आकारणी वर्ष २०१९-२०. माझ्या ऑफिसातल्या मुलीनं २०१८-१९ निवडलं होतं, जमा करण्याआधी लक्षात आलं. तिला दोष देता येत नाही, आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष या जोडीनं भल्याभल्यांना फसवलं आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ही जोडी मोडून एकच 'कर वर्ष' ठेवलं आहे. माझ्या मते त्या कायद्यातला सामान्य माणसाला सगळ्यात उपयोगी पडणारा बदल हाच.

५ ऑक्टोबरला १०ई जमा केला. ७ ऑक्टोबरला दोन कामं एकापाठोपाठ केली. दुरुस्तीची विनंती टाकली, प्रकार 'रीप्रोसेस द रिटर्न', कारण रिटर्नमधला आकडा बरोबरच होता, फक्त त्याला आधार देणारा फॉर्म आता आला होता. आणि २४५ च्या सूचनेला उत्तर दिलं: मागणीशी असहमत, दुरुस्तीची विनंती दाखल केली आहे, तिचा क्रमांक अमुक. नुसतं 'असहमत' म्हणून सोडलं तर त्याला वजन राहत नाही. असहमतीमागं काहीतरी दाखल केलेलं दिसायला लागतं.

मधला काळ

मग खरोखरच वाट बघायची होती. ऑक्टोबर गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. मी १८०० १०३ ००२५ या मदत क्रमांकावर एकदा बोललो. विनंती प्रक्रियेत आहे, एवढंच कळलं, पण ती योग्य ठिकाणी पोचल्याची खात्री झाली. पोर्टलवरच्या तक्रार विभागात किंवा सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर, तक्रार टाकायचा विचार मी मुद्दाम पुढं ढकलला. प्रकरण हलतं असताना तक्रार टाकली, की उत्तर येतं 'प्रक्रियेत आहे' आणि तक्रार बंद होते. ते हत्यार काहीच हलत नसेल तेव्हासाठी राखून ठेवावं.

याच काळात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. "आला रे रिफंड! मेसेज आलाय. खाते क्रमांक तपासून खालच्या लिंकवर क्लिक करा म्हणतायत."

मी म्हटलं, "बाई, कशालाही हात लावू नका. मोबाइल घेऊन इकडं या."

मेसेज बघितला. रक्कम १५ हजारांच्या आसपास, आपल्या रिफंडच्या आकड्याशी न जुळणारी. पाठवणारा साधा दहा आकडी मोबाइल नंबर. लिंक कुठल्याशा अनोळखी पत्त्याची. आयकर विभाग मेसेज पाठवून लिंकवर खाते क्रमांक भरायला सांगत नाही, ओटीपी किंवा कार्डाचा नंबरही विचारत नाही. खात्याची माहिती पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमध्ये आपणच भरतो. बाई हुशार आहेत, हिशेबी आहेत, तरीही बोट लिंकपर्यंत गेलं होतं. साडेतीन महिने रोज ज्या बातमीची वाट बघतो, तीच बातमी आली तर शंका कशी घ्यायची? या भामट्यांना जुलै ते डिसेंबर या काळात कोण कशाची वाट बघतंय, हे पक्कं माहीत असतं. मी तेव्हापासून रिटर्न भरल्या दिवशीच प्रत्येकाला रिफंडचा नेमका आकडा कागदावर लिहून देतो. आकडा माहीत असला की खोटा मेसेज चटकन ओळखू येतो.

२६ नोव्हेंबरला दुरुस्तीचा आदेश आला. कलम ८९ ची सवलत १५,४८०, मान्य. मागणी शून्य. मूळ रक्कमच गेली, त्यामुळे वरचं व्याजही गेलं. १२ डिसेंबरला आकारणी वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नची १४३(१) ची सूचना आली: रिफंड ३१,२०० आणि कलम २४४अ प्रमाणे व्याज. हे व्याज महिन्याला अर्धा टक्का असतं. टीडीएसची रक्कम असेल आणि रिटर्न मुदतीत भरलं असेल, तर १ एप्रिलपासून मोजतात. महिन्याला १५६ रुपये, एप्रिल ते डिसेंबर नऊ महिन्यांचे १,४०४. एकूण ३२,६०४, दहाच्या पटीत ३२,६००.

मी बाईंना फोन केला. त्या दिवशी त्यांनी शेजारी पेढे वाटले. घाई झाली.

दोन नावं

२० डिसेंबरला स्टेटस बदललं: 'रिफंड फेल्ड'.

खातं. मार्च २०१९ पासून रिफंड धनादेशानं येत नाही, पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर प्रमाणित झालेल्या बँक खात्यातच येतो. जुलैमध्ये मी बाईंचं पेन्शनचं खातं दिलं होतं. प्रमाणीकरण तेव्हा चालू होतं, पोर्टल तशा अवस्थेतही रिटर्न भरू देतं. नंतर ते अयशस्वी झालं. कारण: नाव जुळत नाही.

बाई लग्नाआधी नोकरीला लागल्या. सर्व्हिस बुकात माहेरचं नाव. पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, सर्व्हिस बुकावरून निघाला, म्हणून त्यातही माहेरचं. पेन्शनचं खातं पीपीओवरून उघडलं, म्हणून पासबुकावरही माहेरचं. पॅन काढलं लग्नानंतर, ते सासरच्या नावानं. आधारही सासरचं. तीस वर्षं ही दोन नावं शेजारी शेजारी सुखानं नांदली, कारण माणसं माणसांना ओळखत होती. यंत्र अक्षरं जुळवतं. आपल्याकडच्या किती शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका अशा दोन नावांत वाटल्या गेल्या आहेत! काही जणी राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देऊन सगळं एक करून घेतात. बाईंनी ते कधी केलं नाही. "वडिलांनी शिकवलं म्हणून नोकरी लागली. सर्व्हिस बुकात त्यांचं नाव राहिलं तर कुणाचं काय बिघडतंय?" असं त्या म्हणायच्या. मला त्यांचं म्हणणं पटतं.

सुदैवानं त्यांचं दुसरं एक बचत खातं होतं, ज्या बँकेत लहान ठेव होती तिथलं, आधारवरून उघडलेलं. एकटीच्या नावाचं, पॅन जोडलेलं. पीपीओचं नाव बदलायच्या फंदात न पडता आम्ही 'माय बँक अकाउंट'मध्ये ते खातं जोडलं, आयएफएससी नव्यानं तपासून टाकला. तिसऱ्या दिवशी 'व्हॅलिडेटेड' दिसलं. ते रिफंडसाठी नेमलं आणि २४ डिसेंबरला 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाकली. ही विनंती आपण टाकावी लागते. खातं नुसतं दुरुस्त केलं म्हणजे रिफंड आपोआप पुन्हा निघेल, असं धरून चालू नये. 'फेल्ड' झालेला रिफंड महिनोन्महिने तसाच पडलेला मी पाहिला आहे.

डिसेंबरनंतरचं व्याज आम्ही मागितलं नाही. रिफंड हातात पडेपर्यंतचं व्याज मिळतं, पण जो उशीर करदात्याच्या बाजूनं झाला तेवढा काळ वगळला जातो, आणि बँक खात्यामुळे झालेला उशीर आमच्या बाजूचा होता. जे मिळालं, ते १,४०४ रुपये मात्र करपात्र उत्पन्न आहे. ते मिळालं त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये 'इतर स्रोत' या सदरात दाखवावं लागतं. वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, त्याची नोंद येते आणि लोक ते हमखास विसरतात.

९ जानेवारी २०२५ ला, गुरुवारी, पैसे जमा झाले. बाई दुपारी दुसरं पासबुक घेऊन आल्या. शेवटची ओळ: जमा ३२,६००.००. त्याखाली या वेळी पेन्सिलीची रेघ नव्हती.

फेब्रुवारीत डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ३ एप्रिलला बाई चष्म्याशिवाय ऑफिसात आल्या आणि दोन्ही बँकांचे १५एच माझ्यासमोर ठेवले. पोच घेतलेले, शिक्क्यासह. शिक्क्यावरची तारीख त्यांनी मला स्वतः वाचून दाखवली.